तीन घरांचा शब्द

कुणी नवा इंग्रजी शब्द काढला की मोजणीसर कानावरची पेन्सिल हातात घेत, मान जराशी कलती करत आणि मुलीकडची माणसं स्थळाची चौकशी करतात तशा सुरात विचारत, “कुठल्या घरचा?”

तुम्ही म्हणाल, शब्दाला कसलं घर? मीही हेच म्हणालो होतो. मी शाळेत पी.टी.चा मास्तर. शिट्टी फुंकायला इंग्रजी लागत नाही आणि पोरांना पळवायला मराठीही लागत नाही. पण सरांनी एकदा मला स्टाफरूममध्ये गाठलं, माझ्या गळ्यातली शिट्टी उलटी केली, तिच्या पोटावरची बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाले, “हे बघा, तुमच्या छातीवर रोज एक शब्द झोपतो आणि तुम्हाला पत्ता नाही.” मी इतका दचकलो की आठवडाभर शिट्टी घरी ठेवून दोन बोटं तोंडात घालून कवायत घेतली. त्या शिट्टीने आगाशीपर्यंतच्या म्हशी आटल्या असं लोक अजून सांगतात. लोक म्हणजे मीच सांगतो, पण म्हणून ते खोटं होत नाही.

हसून घ्या. पण आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मी कितीही हसवलं तरी तुम्ही फसायचे नाहीत. ह्या गोष्टीत एका माणसाचे दोन्ही डोळे जातात. त्याचं नाव हरेश्वर. ते डोळे आठवीच्या वर्गात तारेला चिमट्याने लावलेल्या एका चिठ्ठीवर टांगलेले होते. आम्ही सगळे ती चिठ्ठी रोज बघत होतो. मोजणीसर तर सगळ्यांत जास्त बघत होते.

आमची शाळा वसईकडे, नंदाखालजवळ, केळीच्या आणि माडांच्या वाड्यांत बुडालेली. नव्वदचं दशक सरत आलं होतं. विहिरी मचूळ होऊ लागल्या होत्या, गोड्या पाण्याचे टँकर फिरायला लागले होते, आणि कुंपणाशी अनोळखी माणूस दिसला की लोक आधी दगड शोधत, मग नाव विचारत. कारण अनोळखी माणूस म्हणजे एक तर जमीन मोजणारा, नाहीतर जमीन मागणारा. अशा दिवसांत हा देशावरचा माणूस, आमचा इंग्रजीचा मास्तर, नालासोपाऱ्यात एका खोलीत राहणारा, खांद्याला झोळी लावून घरोघर हिंडू लागला. अंगाने इतका बारीक की केळीच्या ओळीतून गेला तरी पान हलायचं नाही. प्रत्येक दारात एकच मागणी, “घरात इंग्रजीत लिहिलेलं काय काय आहे? बघू द्या.”

एका म्हातारीने त्यांना कुंपणावरूनच विचारलं, “मोजणीला आलास ना रे?” सर बिचारे खरं बोलणारे. म्हणाले, “हो आजी, मोजायलाच आलोय.” तिने कुत्रं सोडलं. सर फणसावर चढले. मी तिकडून सायकलने चाललो होतो म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. कुत्रं खाली भुंकतंय, म्हातारी काठी घेऊन उभी, आणि सर वरच्या फांदीवरून विचारतायत, “आजी, त्या खताच्या गोणीवर खालच्या ओळीत काय लिहिलंय? इथून नीट दिसत नाही.” त्या दिवसापासून ते मोजणीसर झाले. खरं नाव हजेरीपुस्तकात तेवढं उरलं.

ह्या वेडाचं मूळ मुंबईतल्या एका प्रशिक्षणात होतं. तिथे त्यांना कुणीतरी सांगितलं की परदेशात म्हणे इंग्रजीचे ढीगच्या ढीग गोळा करतात, छापलेलं, बोललेलं, सगळं, आणि कुठला शब्द किती वेळा येतो ते संगणकाने मोजतात. त्या ढिगाला कॉर्पस म्हणतात. मग जो शब्द जास्त येतो तो मुलांना आधी शिकवायचा, जो कमी येतो तो नंतर. सर परत आले तेव्हा त्यांना ताप भरल्यासारखं झालं होतं.

“आपल्या पुस्तकात कुठल्या कुठल्या देशातली फुलं आहेत,” ते स्टाफरूममध्ये म्हणाले. “बर्फ आहे, शेकोटी आहे, घोडागाडी आहे. ह्या पोरांच्या घरात ह्यातला एक तरी शब्द आहे का? ह्यांच्या घरात जे इंग्रजी आहे ते कोण शिकवणार?”

“आणि मोजणार कशाने?” मोठ्या बाई म्हणाल्या. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. “शाळेत संगणक नाही. पंखा चालतो हेच खूप.”

“तार आहे ना,” सर म्हणाले.

त्यांनी आठवीच्या वर्गात भिंतीपासून भिंतीपर्यंत तीन तारा बांधल्या. पोरांनी घरातल्या कुठल्याही वस्तूवरचा इंग्रजी शब्द चिठ्ठीवर उतरवून आणायचा, खाली घराचं नाव लिहायचं. साबणाचं वेष्टन, पंपाची पट्टी, सिमेंटची गोणी, कुवेतहून आलेल्या चुलत्याची बॅग, काहीही चालेल. फक्त पुस्तकातला शब्द चालणार नाही. एका घरातून आलेला शब्द खिडकीकडच्या पहिल्या तारेवर. तोच शब्द दुसऱ्या घरातून आला की मधल्या तारेवर. तिसऱ्या घरातून आला की फळ्यासमोरच्या तिसऱ्या तारेवर. आणि तिसऱ्या तारेवर चढलेलाच शब्द सोमवारी शिकवायचा. सोमवार हा वस्तूंचा दिवस. ज्यांच्या घरचा शब्द त्यांनी ती वस्तूच वर्गात आणायची, मग सर त्या शब्दाच्या मागचे-पुढचे शब्द दाखवून धडा रचायचे.

गावातले कपडे वाळायचे बंद झाले. कारण चिमटे सगळे शाळेत. आगाशीच्या बाजारात चिमट्यांचा भाव सोन्याच्या मागोमाग चढला होता म्हणतात, मी काही सोनं घ्यायला गेलो नव्हतो. पोरं मात्र पेटली. पूर्वी जी पोरं इंग्रजीच्या तासाला पोटात दुखतं म्हणून माझ्याकडे मैदानात यायची, ती आता खेळाच्या तासाला पोटात दुखतं म्हणून वर्गात थांबायला लागली. आपला शब्द पुढच्या तारेवर चढला पाहिजे, ह्यावरून मारामाऱ्या झाल्या. कोळ्यांच्या एका पोराने इंजिनवरचा ‘ऑइल’ तिसऱ्या तारेवर चढला तेव्हा वर्गात पेढे वाटले.

आणि धडे कसे होत, ते एकदा खिडकीतून बघायला हवे होते तुम्ही. ‘कीप’ हा शब्द सगळ्यांत आधी चढला. सोमवारी बाकांवर खोकल्याची बाटली, उंदराचं औषध, गोणीचा फाटका तुकडा, डासांच्या अगरबत्तीचं खोकं असं सगळं मांडलं. सर म्हणाले, “बघा, कीप एकटा हिंडत नाही. ह्याच्या सोबतीला कोण कोण आहे ते शोधा.” पोरं वाकली. लांब ठेवा. कोरडं ठेवा. मुलांपासून दूर ठेवा. पुढच्या सोमवारी ‘डू नॉट’. मग ‘डेंजर’. मग ‘ओन्ली’. मग ‘कट’, इथून कापा.

एका दुपारी तिसऱ्या तारेखाली सर एकटेच उभे दिसले. मी म्हटलं, “काय झालं?”

“हे वाचलंत का सलग?” ते म्हणाले. “ह्या गावाशी इंग्रजी बोलतं ते फक्त दटावून बोलतं. हे करू नका, ते लांब ठेवा, इथे थांबू नका. एक शब्द मायेचा आलेला नाही अजून.”

“साबणावर असेल,” मी म्हटलं.

“साबणावरपण डोळ्यांत जाऊ देऊ नका असंच आहे.”

मी हसलो. ते हसले नाहीत. वारा सुटला होता आणि तीनही तारांवरच्या चिठ्ठ्या एकदम वाजत होत्या. मला उगाच वाटलं, बाहेर उभं राहून कुणीतरी पुन्हा पुन्हा काहीतरी सांगतंय आणि आपण दार उघडत नाही आहोत. मग माझा तास होता, मी गेलो.

आता हरेश्वर. हा माणूस सातिवलीला एका गोडाऊनमध्ये माल चढवायला-उतरवायला होता. छाती अशी की दोन पोरं तिच्यावर लपंडाव खेळतील. गोडाऊनमधली रिकामी लोखंडी पिंपं तो टेम्पोत घालून आणायचा आणि रविवारी अंगणात बसून छिन्नी-हातोड्याने त्यांची झाकणं कापून द्यायचा. टँकरचं पाणी साठवायला प्रत्येक वाडीला पिंप हवंच होतं. त्याच्या छिन्नीचा ठणठणाट म्हणजे आमच्याकडचा रविवार. चर्चमधून मिस्सा संपवून माणसं बाहेर आली की आधी घंटा, मग हरेश्वर. पिंपावरचा कागद तो खरवडून टाकायचा आणि वरून आकाशी रंग मारायचा. म्हणायचा, “पान्याचं पिंप हाय. त्याच्यावर इंग्रजी कोनाला पायजे?”

वर्षानुवर्षं त्याने तेलाची पिंपं कापली. काही झालं नाही. त्या वर्षी गोडाऊनमध्ये थिनरची, म्हणजे रंग पातळ करायच्या द्रवाची, पिंपं यायला लागली. हलकी, चांगल्या पत्र्याची. हरेश्वर खूश होता.

त्याची पोरगी दीपाली आठवीत. बोलायला कमी, पण चिवट. घरातला प्रत्येक शब्द तिने आणला, आणि घरात पिंपंच पिंपं असल्यामुळे तिचे शब्दही तसेच यायचे. ‘कंटेनर’ तिच्या घरचा. तो इतर दोन घरांतूनही आला, रंगाच्या डब्यावरून आणि कुवेतच्या खोक्यावरून. सोमवारी सर म्हणाले, “दीपाली, तुझी वस्तू?”

“सर, ती आणायला लय मोठी आहे.”

वर्ग हसला. “म्हैस आहे का?” कुणीतरी मागून विचारलं.

“राहू दे,” सर म्हणाले. “दोघांनी आणलंय, तेवढ्यावर होईल.” आणि रंगाच्या डब्यावर धडा झाला. चांगला झाला. ‘एम्प्टी’चंही तसंच. तेलाचा रिकामा डबा कुणीतरी आणला, सरांनी तो वाजवून दाखवला, पोरांनी वाजवला, दीपालीनेही वाजवला.

मग तिने तो शब्द आणला. व्हेपर.

मी त्या वेळी वर्गात होतो, खडू मागायला गेलो होतो. सरांनी चिठ्ठी वाचली, पेन्सिल कानावरून काढली. “कुठल्या घरचा?”

“आमच्या.”

“तुझ्या घरात वाफ येते ती भाताची. ती इंग्रजीत कधीपासून यायला लागली? पुस्तकातून उचललास ना?”

“नाही सर. खरंच आमच्याच घरी लिहिलंय.”

“कविता करणाऱ्यांच्या घरचा शब्द आहे हा.” वर्ग खिदळला. सर काही दुष्ट नव्हते, चेष्टा करण्यात त्यांचा हात धरणारा मात्र कुणी नव्हता. “बरं, लाव पहिल्या तारेवर. अजून दोन घरं मिळाली की मानू.”

तिने लावला. खिडकीशी, कोपऱ्यात. तिथे तो लटकत राहिला.

मला त्या पोरीचं तोंड बघवेना. मधल्या सुट्टीत मी सरांना म्हटलं, “अहो, एवढी म्हणतेय तर तिच्याकडून पुरतं ऐकून घ्या की. कशावर लिहिलंय ते तरी विचारा.”

“ते सोमवारी विचारायचं असतं, तिसऱ्या तारेवर आल्यावर,” ते शांतपणे म्हणाले. “असं बघा, वर्गात रोज ढीगभर शब्द येतात. प्रत्येकाची चौकशी करत बसलो तर उरलेलं वर्ष पुरणार नाही. म्हणून तर मोजायचं. जो शब्द गावात खरंच आहे, तो आपोआप तीन घरांतून येतो. एकाला सूट दिली की सगळी रांग मोडते.”

ह्यात चूक काय होती सांगा. मला तेव्हाही सापडली नव्हती.

शब्द गावात खरंच होता. ज्यांनी ज्यांनी हरेश्वरकडून पिंप नेलं त्या सगळ्या वाड्यांत तो होता, कारण तसा कागद तेलाच्या पिंपांवरही असायचा. फक्त हरेश्वरने तो प्रत्येक पिंपावरून खरवडून वर आकाशी रंग मारला होता. दीपाली घरोघर जाऊन पिंपांना नखं मारत हिंडली, रंगाखाली अक्षरं मिळतात का बघत. लोक ओरडले, “आमचा रंग काय काढतेस गं?” तिच्या नखांत आकाशी रंग भरलेला मी कवायतीच्या तासाला पाहिला आणि हात धुवायला पिटाळलं.

तिने बापालाही विचारलं होतं, हे मला नंतर कळलं. “बाबा, ह्याच्यावर वाफ असं लिहिलंय.” हरेश्वरने पिंपावर थाप मारली. “हात लाव. थंडगार हाय. रिकाम्या पिंपात कसली वाफ?” तिने हात लावला. थंडगार होतं.

मग तिला दुसरं घर मिळालं. तिच्या मामाच्या वाडीत एक पिंप न कापता, न रंगवता पडलं होतं. ती धावत आली, शब्द मधल्या तारेवर गेला. सरांनी भुवई उचलली. “अरे वा,” म्हणाले, “वाफ हलली.” आता वर्गही तिच्या बाजूने झाला. पोरं आपापल्या घरी बाटल्या, डबे, गोण्या उलथ्यापालथ्या करून तो एक शब्द शोधू लागली. मैदानात कबड्डीच्या डावात सुद्धा कुणीतरी ओरडून विचारायचं, “मिळाली का वाफ?” मी स्वतः घरी जाऊन बामची बाटली वाचली. मला इंग्रजी वाचता येत नाही, हे आठवेपर्यंत बाटली संपत आली होती.

दिवस असे चालले होते. इकडे एक घर कमी पडत होतं, तिकडे रविवार येत होते आणि हरेश्वरच्या अंगणात थिनरची पिंपं एकावर एक चढत होती. ऑर्डर तेलाच्या पिंपांच्या होत्या तोवर तीच आधी कापली जात होती. ती संपत आली होती.

शनिवारी सकाळी शाळा अर्धी असते. दीपाली प्रार्थनेच्या आधी दारात उभी होती, धापा टाकत. शेजारच्या आळीतल्या एका बाईने हरेश्वरकडून पिंप न कापताच नेलं होतं, जावयाकडून गॅसने कापून घेणार म्हणून. कागद जसाच्या तसा. तिसरं घर.

सरांनी समारंभ केला. स्वतः स्टुलावर चढले, चिठ्ठी मधल्या तारेवरून काढली, तिसऱ्या तारेवर लावली, सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. मलाही बोलावलं होतं, शिट्टी वाजवायला. मी वाजवली. दीपाली इतकी हसत होती की तिचे सगळे दात मी पहिल्यांदा पाहिले.

“सोमवारी वस्तू,” सर म्हणाले. “तुझी वस्तू मोठी आहे ना? मग वर्गच येईल तुझ्या घरी. सगळे रांगेने जाऊ.”

“आज जाऊ या ना सर,” ती म्हणाली.

“आज नाही. सोमवार म्हणजे सोमवार.”

रविवारी मिस्सा सुटली, घंटा झाली. मी रस्त्याच्या कडेला एका दुकानाच्या बाकावर बसून दोन माणसांना सांगत होतो की माझ्या तरुणपणी मी अर्नाळ्याच्या किल्ल्यापर्यंत एका दमात पोहत गेलो होतो आणि मध्ये फक्त केस विंचरायला थांबलो होतो. छिन्नीचा पहिला ठोका ऐकू आला. दुसरा आला. मग जो आवाज झाला तो छिन्नीचा नव्हता. माडांवरचे सगळे पक्षी एकदम उठले. दुकानदाराच्या बरण्या हलल्या. दोघांपैकी एकजण म्हणाला, “दगडखाण असेल.” आमच्याकडे दगडखाण नाही, हे त्यालाही माहीत होतं.

हरेश्वर जगला. हे मी लगेच सांगतो, कारण त्या संध्याकाळपर्यंत गावाला ते माहीत नव्हतं. पण झाकण वर उडालं ते त्याच्या तोंडावरूनच गेलं होतं आणि मागून आग आली होती. आधी वसईत नेलं, मग मुंबईला. डोळे परत आले नाहीत.

सोमवारी सर वर्गात आले नाहीत. मी सायकल काढून हरेश्वरच्या घरी गेलो. अंगणात काळा डाग, फाटलेलं पिंप उताणं पडलेलं. त्याच्या पलीकडे अजून एक पिंप, धड, कागद शाबूत. त्यासमोर सर उकिडवे बसले होते, चष्मा हातात, नाक पत्र्याला लागेल इतकं जवळ.

“वाचा ना,” मी म्हटलं.

त्यांनी मराठीत वाचलं. “रिकाम्या पिंपात पेट घेणारी वाफ राहते. कापू नका. ठोकू नका.” मग बोटाने एकेक शब्द दाखवत म्हणाले, “कंटेनर आपल्याकडे झाला होता. एम्प्टी झाला होता. डू नॉट झाला होता. कट झाला होता. पोरीला अख्खी ओळ येत होती हो. मधला हा एकच राहिला होता.”

मी त्यांना उठवायला हात दिला. त्यांनी घेतला नाही.

गावाने त्यांना बोल लावला नाही. गावाला तारांचं राजकारण ठाऊकच नव्हतं. हरेश्वर घरी आल्यावर सर त्याच्यापुढे जाऊन बसले, तेव्हा मी बरोबर होतो. सरांनी सगळं सांगितलं, पहिली तार, दुसरी तार, शनिवार, सोमवार. डोळ्यांवर पट्ट्या बांधलेला तो माणूस ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, “नायतरी मला कुठं वाचता येत होतं, सर? तुमी काय करनार? हातोडा माजा.” सर म्हणाले, “तीन घरं का पाहिजे होती मला?” दीपाली दाराशी उभी होती. ती आत गेली.

त्यानंतर सरांनी तारा उलट्या केल्या. जो शब्द एकाच घरातून आला, तो आधी. त्याच दिवशी, त्याच तासाला, वस्तू मोठी असेल तर वर्ग उठून वस्तूकडे. ते चांगलं होतं. पण मग ते थांबेनात. आकाशी पिंपं खरवडत वाड्यावाड्यांतून फिरले. न कापलेली जी मिळाली त्यांच्यावर पांढऱ्या रंगाने मोठ्या मराठी अक्षरांत लिहीत गेले, हे पिंप रिकामं नाही. लोकांनी आधी कौतुक केलं, मग कुंपणाची फाटकं लावून घेतली. दुकानात उधारीवर बिस्किटाचा पुडा घ्यायला गेले तरी पुड्यावरचं शेवटपर्यंत वाचल्याशिवाय हातात घ्यायचे नाहीत. मागे रांग वाढायची. स्टाफरूममध्ये चहा आला की आधी चहाचं पाकीट मागायचे. कपातला चहा गार व्हायचा. शिपाई एकदा चिडून म्हणाला, “सर, चहाच आहे.” सर म्हणाले, “पाकिटाचा एक कोपरा फाटलाय. तिथे काय लिहिलं होतं?”

मी त्यावर खूप विनोद केले. स्टाफरूम हसायची. पण घरी आल्यावर मीही बायकोला म्हणायचो, तो फवारणीचा डबा जरा बाहेर ठेव.

पालकांनी मोठ्या बाईंकडे तक्रार केली की पुस्तक मागे पडलंय. मोठ्या बाईंनी सरांना समजावलं, सरांनी मान डोलावली, आणि वार्षिक परीक्षेचे पेपर तपासून दिल्यावर ते आलेच नाहीत. नालासोपाऱ्याची खोली रिकामी. घरमालकाने सांगितलं, भांडी-कपडे घेऊन गेले, भाडं चुकतं केलं. कुणी म्हणे ते देशावर परत गेले, शेती करतात. कुणी म्हणे कुठल्याशा बंदरावर गोण्या वाचतात. मी लोकांना सांगतो की ते परदेशात गेले आणि मोठमोठ्या ढिगांमधून एकट्या पडलेल्या शब्दांना शोधायचं खातं सांभाळतात. हे मी रचलेलं आहे, तुमच्यापासून काय लपवायचं. पण ऐकणाऱ्यांपैकी कुणी अजून खोटं म्हटलेलं नाही.

मी आता निवृत्त झालोय. परवाच हरेश्वरकडे गेलो होतो. कुवेतहून आलेल्या मेहुण्याने पत्र्याचा बिस्किटांचा डबा दिला होता, उंटांची चित्रं असलेला. त्यातली बिस्किटं तिकडचा राजा खातो असं मी हरेश्वरला सांगितलं. तो हसला, डबा दोन्ही हातांत घेतला, सगळ्या बाजूंनी चाचपला, पण उघडला नाही. आत तोंड करून हाक मारली, “दीपाली.”

दीपाली आता नोकरी करते, त्या दिवशी सुट्टीवर होती. ओल्या हातांनी बाहेर आली, हात पुसले, डबा घेतला.

“नाव नको,” हरेश्वर म्हणाला. “बारीक अक्षरातलं वाच.”

ती वाचायला लागली. इंग्रजी एक ओळ, मग मराठी. मैदा, साखर, लोणी. कोरड्या जागी ठेवा. उन्हात ठेवू नका. आम्ही दोघं शाळेतल्या पोरांसारखे गप्प बसून ऐकत होतो. मग ती थांबली. डबा उजेडाकडे फिरवला.

“काय झालं?” हरेश्वरने विचारलं.

“काही नाही बाबा. पुढचं पुसलंय.”

“किती?”

“एकच शब्द असेल.”

त्याने हात पुढे केला. तिने डबा त्याच्या हातात दिला. तो उठला, भिंतीला हात लावत ओट्याच्या पार टोकापर्यंत गेला आणि डबा तिथे, घराबाहेर, खाली ठेवून आला. चहा झाला, इकडच्यातिकडच्या गोष्टी झाल्या, आणि मी निघालो तेव्हा त्या डब्यापासून जरा लांबून गेलो.